क्रेनवाल्याची तहान

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा तो माणूस सकाळचा चहासुद्धा अर्धाच घ्यायचा. एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही. हूक जरा थांबला तरी खालून मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुरू. म्हणून पाणी प्यायचं नाही, लघवी लागली तर दाबून धरायची. क्रेनवाले याला शिस्त म्हणतात. डोंबलाची शिस्त.

व्हायचं तेच झालं. लघवीला आग व्हायला लागली, थंडी वाजून ताप भरला. मुकादमाने डोळा मारत त्याला औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने काही न विचारता ‘बाहेरून’ आणलेल्या रोगाच्या गोळ्या हातावर ठेवल्या, आणि आगीने हैराण झालेल्या या भोळ्या सांबाने त्या मुकाट गिळल्या. संध्याकाळपर्यंत मुकादमाने साइटभर बभ्रा केला.

बायको कपड्यांच्या कारखान्यात खिसे शिवायची. तिथवर बातमी पोचली. तिने आदळआपट केली नाही, अंथरूण तेवढं स्वयंपाकघरात नेलं. त्याने मुलीच्या गळ्याची शपथ घेतली. ती म्हणाली, “काही केलं नव्हतंत, तर त्या गोळ्या कशाला घेतल्यात?”

जो उठतो तो, कुठे गेला होतास, एवढंच विचारतो. दिवसभरात पाणी किती पितोस, हे विचारायला कुणाची जीभ झिजत होती?

आग परत उसळली, तेव्हा तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि निकालाच्या दिवशी बायकोलाही बोलावलं. ती एक खुर्ची सोडून बसली. बाईंनी सांगितलं, संबंधांतून लागणाऱ्या रोगांचे जंतू तपासले, एकही नाही. सापडलेत ते आतड्यातले, सगळ्यांच्याच पोटात असतात. लघवी तुंबवली की त्यांचं फावतं. “आणि तो रोग निघाला असता, तरी दोघांना औषध दिलं असतं. त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?”

घरी आल्या आल्या बायको स्वयंपाकघरात गेली. अंथरूण तिने परत जागेवर आणलं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या संपवून तो कामावर निघाला, तेव्हा पाण्याची मोठी बाटली त्याच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, “रिकामी आणा. त्या मेल्या मुकादमाला मी बघते.”

तिला बघावं लागलं नाही. भर कामात त्याने ओझं नीट खाली टेकवलं, हूक थांबवला आणि शिडी उतरू लागला. मुकादम शिव्या देत धावत आला. सगळी माणसं बघत होती.

“मुतायला चाललोय,” तो म्हणाला. “आता हेही सांगा साइटभर.”