एक सेल घड्याळात, एक रिमोटमध्ये

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बियाण्याच्या गोदामात वजनकाट्यावर माझी निम्मी हयात गेली; काट्यावर येत नाही ते मी मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण आमच्या सोसायटीने मला खोटं ठरवलंय.

केजमध्ये आमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे – बावीस बैठी घरं. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एक स्वयंपाकघर पेटलं आणि विझवायला पाणी नव्हतं. मग ठराव झाला : घरोघरी धुराचा अलार्म हवाच. आम्हीही बसवला. पण टँकरचा हॉर्न ऐकला की आमच्याकडे हातातलं टाकून सगळे पळतात, गॅसवरची फोडणी तशीच! परत यावं तर अलार्म कोकलतोय... शेवटी मी त्यातले दोन्ही सेल काढले. एक भिंतीवरच्या घड्याळात घातला, एक टीव्हीच्या रिमोटमध्ये.

त्या दुपारी टँकर आला. गॅस मी स्वतः बंद केला आणि बायकोबरोबर, म्हणजे सुनंदाबरोबर, रांगेत गेलो. आमचा नंबर लागला, पाईप ड्रममध्ये सोडला, तोच अलार्म वाजायला लागला.

"अवो, आपलाच हाय!"

"कसा आसंल? सेल कुठंयत त्यात?"

"मंग मी काय बहिरी हाय? जावा की!"

मागे शेजारचा शेषराव उभा होता. "पाईप सोडतोस का बे? नंबर गेला तर कोरडा बसशील!"

"घे, तूच भर," म्हणालो आणि पळालो.

घरात गॅस बंद. छताला अलार्म वाजत होता, लाल दिवा लागलेला. खिडकीतून पाहिलं तर शेषरावच्या स्वयंपाकघरातून काळा धूर! आत त्याचे वडील, बापू, अर्धांगवायूने खाटेला खिळलेले. त्यांचा अलार्म अजून खोक्यातच होता.

बापूंना पाठीवर घेतलं.

"आरं हळू! पाडलंस तर जल्मभर तुलाच सांभाळावं लागंल."

त्यांना बाहेर ओट्यावर टेकवलं आणि माझ्या घरातला आवाज बंद झाला. मागोमाग आलेल्या शेषरावने गॅस बंद करून जळत्या कढईवर ओलं गोणपाट टाकलं.

नंतर मी घडलं ते सगळं सांगितलं, तेव्हा सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "काका, सेल राहिले असतील आत. अलार्म चालू होता एवढं लिहून द्या, विषय संपला."

सगळ्यांसमोर अलार्म उतरवून उघडला. रिकामा. भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं.

"मग दुसऱ्या कुणाचा वाजला असेल."

"लाल दिवा मी या डोळ्यांनी पाहिलाय, चेअरमनसाहेब."

नंतर बिनसेलाच्या त्याच अलार्मखाली मी मिरच्या जाळून पाहिल्या. खोकून आम्ही दोघं बेजार, तो गप्प. आता नवे सेल घातलेत. प्रत्येक फोडणीला बोंबलतो, बोंबलू दे. त्या दुपारी तो कशावर वाजला, मला माहीत नाही.

शेषरावने त्याच संध्याकाळी भरलेला ड्रम आमच्या दारात ढकलत आणला आणि एक शब्द न विचारता गेला. चेअरमन अजून सहीसाठी येतात. मी चहा पाजतो. सही करत नाही.