अण्णा वेगळा राहतो

निपाणीच्या स्टँडवरून बेंगळुरूची गाडी सुटली तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक अण्णाच्या मांडीवर होती. "वर ठिवली तर पडंल गं कुणाच्या तरी डोसक्यावर," म्हणत त्यानं ती तशीच धरली. तंबाखूच्या वखारीतलं काम बुडवून आई पोचवायला आली होती. तिनं खिडकीतून एवढंच बजावलं, "इच्चारलं तर सांग, अण्णा येगळा ऱ्हातो."

अण्णा माझा थोरला भाऊ, सरकारी बसमध्ये कंडक्टर. बोरगावच्या घरात आम्ही सहाजण. वडिलांना, आप्पांना, दम्यानं अंथरूण धरायला लावलेलं, आईची मजुरी हंगामापुरती. महिन्याचा पगार आणणारा तो एकटा. कॉलेजची फी-सवलत कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळायची, आणि अण्णाची पगाराची स्लिप धरली की आम्ही मर्यादेच्या वर जायचो. तेवढ्या पगारात किती माणसं जेवतात, हे त्या स्लिपवर लिहिलेलं नसायचं. म्हणून अण्णानंच हेलपाटे घालून वेगळं रेशनकार्ड काढलं, नाडकचेरीतून, म्हणजे महसुलाच्या ऑफिसातून, माझा उत्पन्नाचा दाखला आणला आणि संध्याकाळी आमच्यातच बसून भाकरी खाल्ली.

कॉलेजच्या ऑफिसात लाईनीत माझा नंबर आल्यावर मॅडमनी कागद चाळले. भाऊ काही मदत करतो का, असं त्यांनी विचारलं.

"नाही. तो वेगळा राहतो. आमच्याकडे बघतसुद्धा नाही."

यातलं शेवटचं वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. मॅडमची नजर दाराकडे गेली. तिथं अण्णा ट्रंक घेऊन उभा होता.

"ते कोण?"

"शेजारी."

माझ्या तोंडून निघून गेलं. अण्णाचा चेहरा हलला नाही. "हौदु मॅडम," असा होकार देत त्यानं कन्नडमधूनच आपण शेजारच्या घरातले असल्याचं सांगितलं. सवलत मंजूर झाली. हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन ऐकत होता, म्हणून अण्णा परक्यासारखा म्हणाला, "सांभाळून ऱ्हावा, ताई." घरी तो मला 'बारके' म्हणायचा.

पुढं मी इथंच नोकरीला लागले, फ्लॅट घेतला, माझं कन्नड ऐकून लोक गाव विचारीनासे झाले. ऑफिसात लंचला फी-सवलतीचा विषय निघाला की मी तावातावानं बोलायचे. पगारदार स्लिपमुळं सापडतो, मोठा बागायतदार दाखल्यावर गरीब होतो, हे कसलं मोजमाप? बोलायचे ते खरंच होतं. फक्त स्वतःची गोष्ट कधी सांगितली नाही.

यंदा अण्णाच्या मुलीला, पल्लवीला, इथं ॲडमिशन मिळाली. ती माझ्याकडंच राहते. सवलतीचा फॉर्म भरताना मी म्हणाले, "पप्पांना कागदावर वेगळं दाखवू. आम्ही तसंच केलं होतं." आणि सगळी हकिकत सांगितली, खरं सांगायचं तर थोडी हुशारी मिरवतच.

तिनं पेन खाली ठेवलं. "आत्या, लाईनीत तुझ्या मागं कोण होतं?"

मला एकदम आठवलं. आईबरोबर आलेली एक मुलगी होती, प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरलेली. सवलतीच्या जागा मोजक्याच होत्या. तिला मिळाली की नाही, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी अण्णापुरतीच शरमत होते. ती मुलगी मनात आलीसुद्धा नव्हती. तिची माफी मागायची तर तिचं नावही मला ठाऊक नाही.

पल्लवीनं वडिलांचा पगार आहे तसा लिहिला. सवलत नाकारली गेली. फी मी भरते. त्याला प्रायश्चित्त म्हणवत नाही. मला परवडतं, एवढंच.

मागच्या महिन्यात बोरगावला गेले. अण्णा परसात म्हशीला वैरण टाकत होता. मी धीर करून म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी कॉलेजात मी तुला शेजारी म्हणाले."

"कवा गं? माझ्या तर ध्यानातच न्हाय."

इतक्या वर्षांनंतरही ज्याला आपल्या रूटचा प्रत्येक थांबा आणि जुन्या तिकिटांचे दर तोंडपाठ आहेत, तो माणूस हे म्हणाला. मग पेंढीची दोरी सोडता सोडता माझ्याकडं न बघता बोलला, "हात धू जा. वहिनीनं वाढलंय."

घर म्हणजे मला आता एवढंच. तिथं माझ्यासाठी अण्णा खोटं बोलतो, आणि मी मान खाली घालून जेवायला बसते.