दिव्याखालची शेवंती

वाईच्या एस.टी. स्टँडवर आईनं माझ्या हातात एक ओलं पोतं दिलं आणि म्हणाली, "हे मांडीवर घेऊन बस. वरच्या फळीवर टाकलंस तर मला कळेल." कसं कळणार होतं देव जाणे! पण मिरज, मिरजेहून बंगळूर, बंगळूरहून तंजावर असा सबंध प्रवास मी ते पोतं मांडीवर घेऊन केला. पॅन्ट भिजली, डाग पडले. समोरच्या बाकावरच्या माणसाला वाटलं मासे आहेत, तो नाकाला रुमाल लावून बसला. पोत्यात होते शेवंतीचे फुटवे. आमच्या परसातले, आईनं सकाळीच मातीच्या गड्ड्यासकट काढून दिलेले.

स्टँडवर जमलेल्या मंडळींनी मला सुखानं जाऊ दिलं असं समजू नका. काका म्हणाले, आपल्याकडची माणसं तंजावरला गेली ती घोड्यावर बसून, कमरेला तलवार लावून. आमचा गडी चाललाय पोतं घेऊन, घरजावई व्हायला. सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं ते लागलंच. आई तेवढी हसली नाही. गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "माती मानवली की फुलेल. फुलली की कळव."

आता तुम्ही तिकडे राहिलेले, आणि माझ्यासारखे कुठे कुठे जाऊन पडलेले, मला नेहमी विचारता की बाबा, तंजावरच का? तर त्याचं उत्तर सुधा. बंगळूरला मी पंपांच्या कंपनीत होतो, ती तिथेच हिशेब बघायची. घर तंजावरचं, मराठी बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच रुजलेलं. तिची आई गेलेली, मोठा भाऊ श्रीधर कॅनडात, आणि वडील, म्हणजे आमचे अप्पा, घर सोडायला तयार नाहीत. लग्नाआधीच तिनं सांगून टाकलं की अप्पांना एकटं ठेवून मी कुठेही राहणार नाही. मी म्हटलं, मग मी येतो. त्यात कसला त्याग नव्हता. मला ती हवी होती, आणि दोनतीन वर्षांत काहीतरी जमवून परत फिरू असं मनात होतं. ती दोनतीन वर्षं अजून चालू आहेत.

अप्पा ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. ताठ माणूस, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगीसारखी नेसायची धोतरं, बोलणं मोजकं. मराठी असं बोलतात की शब्द माझ्या खापरपणजोबांचे आणि चाल तमिळची. पहिले काही महिने त्यांचं निम्मं मला कळायचं नाही आणि माझं निम्मं त्यांना. मग आम्ही दोघं सुधाच्या तोंडाकडे बघायचो. मला ते माप्पिळ्ळै म्हणतात, म्हणजे जावई, आणि अहो-जाहो करतात. मान भरपूर, पण पाहुण्याला देतात तसा. ताटात आधी मला वाढायचं, खुर्ची मला द्यायची, आणि घरातलं काही ठरवायचं असलं की मी आत आल्यावर बोलणं थांबवायचं.

मी तिथे शेतीपंपांच्या दुरुस्तीचं काम धरलं. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत मोटरसायकलवर फिरायचं, भाताच्या चिखलात उतरायचं, जळालेली मोटर उचलायची. शेतकऱ्यांकडून तमिळ शिकलो, शिव्यांसकट. घरी आलो की अंगणात शेवंतीशी झुंज.

झुंजच म्हणायची. पहिल्या वर्षी ऐप्पसीचा पाऊस लागला. आपल्याकडे दिवाळीला थंडी पडते, इथे त्या महिन्यात आभाळ फाटतं. त्रिभुज प्रदेशातली काळी चिकट माती पाणी धरून बसली आणि मुळं कुजली. दोन काड्या तेवढ्या जगल्या. मी हट्टाला पेटलो. वीटभर उंचीचा वाफा बांधला, वाळू आणि शेणखत कालवून भरला, पाणी निघून जायला चर काढला, आणि त्या दोन काड्या पोरांसारख्या सांभाळल्या. मावा आला की बोटांनी पुसायचो, शेंडे खुडायचो. पुढच्या वर्षी तिनं जे हातपाय पसरले, विचारू नका! वाफा सोडून बाहेर पडली, पायरीखाली शिरली, तुळशीला वेढा घातला, आणि शेवटी अप्पांच्या अबोलीच्या वाफ्यात घुसली. अप्पांना अबोली प्राणापलीकडे, सासूबाईंनी लावलेली.

"माप्पिळ्ळै, तुमची शेवंती म्हणजे फौज आहे," अप्पा म्हणाले. "येते, तळ ठोकते, आणि उठत नाही."

मी म्हटलं, तुमचे पूर्वज तरी वेगळं काय करायला आले होते? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. मग म्हणाले, ते आले आणि त्यांनी काहीतरी करून दाखवलं, हिनं अजून एक फूल दाखवलेलं नाही.

हे मात्र खरं होतं. पानं गर्द हिरवी, चुरगळली की तोच कडवट वास, आमच्या परसातला. पण कळी नाही. आपल्याकडे सगळी फुलं दमली की शेवटी शेवंती येते आणि मार्गशीर्षाच्या गुरुवारांना घर भरून टाकते. इथे मार्गशीर्ष गेला, पौष गेला, हिचा पत्ता नाही. दर दिवाळीला आईचा फोन यायचा. सगळ्यांची ख्यालीखुशाली झाली की शेवटी विचारायची, "फुलली का रे?" मी म्हणायचो, नाही. "बरं," म्हणायची आणि फोन ठेवायची. तिला झाडाचं विचारायचं नसायचं, हे मला चांगलं कळत होतं. मी तिकडे रुजलो का, सुखात आहे का, हे विचारायचं होतं, आणि ते सरळ विचारणाऱ्यातली ती नव्हे. प्रत्येक 'नाही' तिच्या जिवाला लागत होतं, आणि माझ्याही.

मागच्या दिवाळीला अप्पांनी निकाल दिला. पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, वाट बघू, नाही फुलली तर सगळी उपटून अबोलीला जागा परत द्यायची. घर त्यांचं, अंगण त्यांचं. पण रात्रभर डोक्यात तेच. पोतं मांडीवर घेऊन आलेला माणूस, आणि त्याचं एवढंही या घरात राहू नये, याचा राग आला. रडूही आलं, सांगायला लाज कसली.

आणि त्याच आठवड्यात शेजारची सेल्वी अक्का सकाळी फाटकासमोर कोलम, म्हणजे रांगोळी, काढायला वाकली आणि तिच्या वेणीत मला पिवळी शेवंती दिसली. आमची! ती ठेंगणी, बटणासारखी, मधे जरा हिरवट. मी दात घासत होतो, तसाच कुंपणाशी गेलो. अक्का हसून म्हणाली, तुमच्याकडूनच आलीय, तारेखालून. गवत समजून उपटत होते, थोडी राहिली. मला तिच्या न्हाणीमागे घेऊन गेली. तिथे बघतो तर काय, झाडं फुलांनी लगडलेली. माझ्या वाळूत, माझ्या शेणखतावर वाढायचं आणि फुलायचं शेजारणीकडे! असा संताप आला की बोलायची सोय नाही.

पण संताप ओसरल्यावर नीट बघितलं. सगळी झाडं फुलली नव्हती. न्हाणीच्या भिंतीआड होती तेवढीच फुलली होती. भिंत संपते तिथून आमच्या कुंपणापर्यंत नुसता पाला. दोरी धरून आखल्यासारखी हद्द. माती तीच, पाणी तेच. मी मागे वळून आमच्या फाटकाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. दिवा.

आमच्या फाटकावर रात्रभर दिवा असतो. पूर्वी पिवळा बल्ब होता. मी नवा नवा जावई, पंपवाला, विजेचा जाणकार; अप्पांवर छाप पाडायला मीच तिथे भला दांडगा एलईडी बसवला होता, अर्धी गल्ली उजळणारा. मोबाईलवर शोधलं तर तेच निघालं: शेवंतीला लांबलचक, अखंड काळोखी रात्र लागते, तेव्हा कुठे ती कळी धरते. मी तिला वर्षानुवर्षं झोपूच दिलं नव्हतं.

मग दिवा बंद करायचा, संपलं, असं तुम्हाला वाटेल. ते तेवढं सोपं नव्हतं. तो श्रीधरचा दिवा. श्रीधर येतो तेव्हा विमान तिरुच्चीला रात्री उतरतं आणि टॅक्सी घरी पोचते तेव्हा सगळी कॉलनी झोपलेली असते. घरं सगळी एका साच्यातली, आमच्या टोकाला रस्त्याचा दिवा नाही. एकदा तो चुकून पुढे गेला होता आणि बॅगा ओढत गल्लीभर हिंडला होता. तेव्हापासून अप्पांनी दिवा कधी बंद केला नाही. श्रीधर येऊन किती वर्षं झाली ते कोणी बोलत नाही. सुधानं मला हात जोडले, म्हणाली, अप्पांकडे काहीही माग, तो दिवा मागू नकोस.

नाही मागितला. बाजारातून काळी ताडपत्री आणली, बांबूचा सांगाडा केला, आणि रोज दिवेलागणीला शेवंती झाकायला लागलो, सकाळी उघडायची. पाऊस असो, अंगात ताप असो, पापनाशमला कुणाची मोटर बंद पडलेली असो, त्या वेळेला मी घरी. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलंय. अप्पा तिन्नैवर, म्हणजे दारालगतच्या ओट्यावर, बसून बघायचे. एकदा विचारलंच, हे काय चालवलंय? मी सांगितलं, हिला अंधार लागतो. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत निघून गेले.

मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष, लागली आणि शेंड्यांना मिऱ्याएवढ्या कळ्या आल्या. मी आईला फोन करणार तोच वाईहून ताईचा फोन आला: आई परसात पडली, मांडीचं हाड मोडलं. मी निघालो. सुधाला झाकायचं शिकवलं, पण मी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी तिकडे वादळी वारा सुटला. ताडपत्री फाटून सेल्वी अक्काच्या माडावर जाऊन अडकली, सांगाडा मोडला. सुधा फोनवर म्हणाली, बघू काय होतं. मी समजलो, गेलं.

आईचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "फुलली का?"

मी म्हटलं, कळ्या आल्यात. ताडपत्रीचं बोललो नाही. बरेच दिवस मी तिच्या उशाशी बसून काढले, ताईला हातभार लावला. ती वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली तशी मला रागवायला लागली.

"माझं हाड काय तू जुळवणार आहेस? कळ्या टाकून आलास. जा, आपल्या घरी जा."

तंजावरला ती नेहमी 'तिकडे' म्हणायची. 'आपल्या घरी' पहिल्यांदाच म्हणाली. मला बरं वाटलं आणि आत काहीतरी तुटलंही, दोन्ही एकदम.

भोगीच्या दिवशी संध्याकाळी तंजावरला उतरलो. अंधार पडला होता. रिक्षा कॉलनीच्या तोंडाशी सोडली आणि बॅग खांद्यावर टाकून चालायला लागलो. डोक्यात आई, फाटकी ताडपत्री, उद्या उपटायची शेवंती. दिवा दिसला की वळायचं, एवढंच पायांना ठाऊक. इतकी वर्षं मी घर बघून वळतच नव्हतो, दिवा बघून वळत होतो. चालतोय, चालतोय, दिवा काही येईना. आणि काळोखातून मागून आवाज आला.

"माप्पिळ्ळै, पुढे कुठे चाललात? घर इथे आहे."

अप्पा तिन्नैवर बसले होते, डोक्याला मफलर गुंडाळून. फाटकावरचा दिवा बंद. मी फाटकातून आत आलो आणि तो कडवट वास आला. नुसत्या पानांचा नव्हे, फुलांचा. विचारलं, दिवा?

"वाऱ्यानं ते कापड नेलं त्या दिवसापासून बंद आहे. तिला अंधार लागतो म्हणालात ना तुम्ही?" मग म्हणाले, "श्रीधरला फोन करून सांगितलं, येशील तेव्हा आधी कळव, मी बाहेर बसून राहीन."

मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि आतून सुधा बाहेर येईपर्यंत काढला नाही.

सकाळी पायरीपासून अबोलीपर्यंत सगळं अंगण पिवळं होतं. पहिलं फूल अप्पांनी खुडलं आणि देवाला वाहिलं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, जरा दाट झालीय, फुटवे काढून कुणाला तरी दे. एवढंच. पण मागून ताईनं सांगितलं की त्या दिवशी आई पोटभर जेवली.

अबोलीसाठी मी मागच्या बाजूला नवा वाफा केला आहे, आणि शेवंती पुढे ठाण मांडून बसली आहे. आम्हीही. आता दर ऐप्पसीला दिवा बंद होणार तो पोंगलनंतरच लागणार. तुमच्यापैकी कुणाला फुटवे हवे असतील तर या, पोतं मी देतो. मात्र त्या दिवसांत संध्याकाळनंतर आलात तर फाटकावर दिवा शोधू नका. गल्लीत सरळ चालत राहा, पुढे जायला लागलात की हाक येईल.