खुंटीवरचा पट्टा

अत्तराचा वास आला की मला महाडमधली एक ईद आठवते. शेजारचे चाचा दुबईत ट्रक चालवायचे. तिथेच त्यांना हार्ट अटॅक आला आणि डॉक्टरांनी छातीवर बांधायचा, यंत्राचा डबा जोडलेला एक पट्टा देऊन घरी पाठवलं. हृदय अचानक बंद पडलं तर तो आपोआप शॉक देणार होता, फक्त अंगावर हवा. चाचा अंघोळीपुरताच तो काढत. त्या सकाळी मात्र नव्या कुर्त्याखाली तो घालायला तयार होईनात. “मधे हा डबा ठेवून ईदची गळाभेट कशी घेऊ? दुपारी घालतो ना,” म्हणाले. चाची म्हणाली, “लोकांना सांगू, त्यात काय लाजायचं हाय?” पण पट्टा खुंटीवरच राहिला. नमाजाहून परतल्यावर त्यांनी दारातच मला छातीशी धरलं. “आता कसं भेटल्यासारखं वाटतंय,” म्हणाले आणि हळूहळू त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं, मायेनेच आवळतायत. आत खुंटीवर अंगाविना तो पट्टा मघापासून पिपपिप करत होता. अजूनही कुणी मिठीत जरा जास्त वेळ राहिलं, की मी त्याला दूर करून आधी चेहरा बघतो.