लायलच्या दारावरची पाटी

आमच्या गावात नगरपालिकेच्या भिंतींवर जे काही ठोकलेलं दिसेल, ते लायल स्टेनरूडनं ठोकलेलं. इमारतींची देखभाल त्याच्याकडे होती. माणूस घुम्या, पण पाटी जरा तिरकी लागली तर त्याला अन्न गोड लागत नसे. बायको आर्डिस अगदी उलट. तोंडाळ, हसरी आणि पत्त्यांत लबाड. नगरपालिकेच्या ज्येष्ठांच्या केंद्रात दर गुरुवारी दुपारी आमचा युकरचा, म्हणजे चौघांच्या एका पत्त्यांच्या खेळाचा, डाव बसे: ती दोघं, मी आणि त्यांचा शेजारी व्हर्लिन.

केंद्राच्या दारावर ‘बंदूक आत आणू नये’ अशी पाटी होती. एके दिवशी नगरपालिकेचा वकील आला आणि लायलला म्हणाला, "ही काढ."

"का? कुणाची तक्रार आहे?"

"कायदाच तसा आहे. पाटी लावली की आतल्या लोकांची जबाबदारी आपण अंगावर घेतली. काही झालं तर खटला आपल्यावर. पाटी नसली, की परवानेवाला आत काय घेऊन येतो त्याच्याशी आपला संबंध नाही."

"म्हणजे काळजी घेतली तर अडकलो, नाही घेतली तर सुटलो?"

"तू स्क्रू काढ, लायल."

लायलनं स्क्रू काढले, भोकं बुजवली, वर रंग लावला. पाटी मात्र त्याला फेकवेना. घरी नेली.

व्हर्लिनकडे पिस्तुलाचा परवाना होता. आधी तो पिस्तूल गाडीत ठेवून यायचा. पाटी गेल्यावर कंबरेला लावूनच यायला लागला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. जानेवारीत एकदा तो जाडजूड कोट काढत होता, तेव्हा पिस्तूल कंबरेतून निसटलं, जमिनीवर आपटलं आणि बार उडाला. गोळी आर्डिसच्या उजव्या मनगटातून गेली. ती वाचली, पण त्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत.

नगरपालिकेनं हात झटकले. कायद्यानं ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला त्या वकिलाचा जास्त संताप येतो. व्हर्लिननंही वकील गाठला. तो म्हणे, तोंडातून ‘चुकलो’ काढू नकोस, अंगाशी येईल. मग हा बाबा पहाटे उठून स्टेनरूडांच्या दारातलं बर्फ उपसायचा आणि कुणी खिडकीत दिसलं की पळायचा.

आर्डिस मला म्हणायची, "मला कोर्ट नको गं. एकानं तरी समोर उभं राहून म्हणावं, चूक माझी. बस."

वसंतात लायलनं ती जुनी पाटी स्वतःच्या घराच्या दारावर लावली.

"अरे, तुझ्याकडे बंदूक घेऊन येतंय कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. पण पाटी लावली की जबाबदारी आपली. कुणीतरी घ्यायला हवी ना?"

त्याच आठवड्यात आर्डिसनं व्हर्लिनला घरी डावाला बोलावलं. तो आला. ओसरीवर उभा राहून त्यानं कोट उघडून दाखवला. कंबर रिकामी होती.

"विकून टाकलं, लायल."

"बरं केलंस. ये आत."

तो पाटीकडे बघत राहिला. आतून आर्डिस ओरडली, "व्हर्लिन, पत्ते वाटलेत! काय बोलायचंय ते बोल आणि बस."

तो म्हणाला, "आर्डिस, मी… वकील म्हणतो की…" आणलेला केक त्यानं कठड्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. शेजारी त्याच्या घराचं दार लागल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, आणि मला त्याची कीवही आली.

लायल आर्डिसशेजारी येऊन बसला. तिचे पत्ते उचलून त्यानं तिला दिसतील असे धरले.

"चूक माझी, आर्डिस," तो म्हणाला. "पाटी मी काढली."

इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"तू नाही रे," ती म्हणाली. "तू नको म्हणूस."