आणखी एक रोडगा
गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजल्याचा वास आला, की मला अमरावतीची ती पंगत आठवते. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली होती आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईचा एक दलाल सौद्यासाठी आणि थोडी मौज करायला आला होता. अकोल्याहून त्याला आमच्याच दमणीतून नेलं. बडनेऱ्यापाशी त्यानं नाकाला रुमाल लावला आणि घामाचा वास येतो म्हणून माझ्या बापाला त्याच्याच गाडीतून खाली उतरवलं. बा फुफाट्यातून पायी चालला आणि मी दात खात बैल हाकले. संध्याकाळी, ज्याच्याशी सौदा व्हायचा होता त्या अडत्याच्या अंगणात पंगत बसली. दलालाला कलावंतिणीच्या बैठकीला जायची घाई होती, पण आमच्याकडं पंगतीतला वडीलधारा उठल्याशिवाय कुणी पानावरून उठत नाही. त्या पंगतीत सर्वांत वडील माझा बाच होता. त्यानं हात आवरता घेतला तसा मी वाढप्याला म्हणालो, "बाले अजून एक रोडगा वाढा." बानं माझ्याकडं पाहिलं, मग दलालाकडं, आणि रोडगा सावकाश तुपात चुरू लागला. "काहून घाई करता शेठ?" तो म्हणाला. "पायी आलो ना, भूक लय लागली." अडत्यादेखत उठायची दलालाची छाती झाली नाही. त्याचा खरकटा हात वाळून गेला. बैठक भरली, दार लागलं, असं गडी सांगून गेला, तेव्हा कुठं बा पाणी पिऊन उठला. आज मी बाच्या तेव्हाच्या वयाचा, पंगतीतला वडीलधारा आहे, पण राग शिळा झालेला नाही. पंगतीत घाईतला पाहुणा दिसला, की पोट भरलेलं असूनही मी आणखी एक रोडगा मागतो.