पितळेची परात

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला नागपूरचा ॲनिमेशनचा वर्ग आठवतो. शेवटच्या शोरीलसाठी, म्हणजे आपलं काम दाखवणाऱ्या छोट्या फिल्मसाठी, मी संगणकावर माझी आईच घडवली होती, धानाच्या बांधावर बसलेली, तिच्याच काळ्या रंगाची. सर म्हणाले, "चेहरा दिसत नाही. दोन शेड गोरी कर, नाहीतर रील पास करणार नाही." आईला गोरं करायचं म्हणजे ती चुकीच्या रंगात जन्मली हे कबूल करायचं. मी म्हणाले, "रंग नाही बदलणार सर, प्रकाश बदलेन." वर्ग हसला. रविवारी नागपूरजवळच्या शहापूरला घरी गेले, आईला दारात बसवलं आणि तिने चिंचेने घासून ठेवलेली पितळेची परात उन्हात तिरपी धरली. "काहून वो, माह्या तोंडावर कायले चमकवून राहिली? मी का सिनेमातली हिरोईन आहो?" ती हसत ओरडली. परातीवरून परतलेलं पिवळं ऊन तिच्या गालावर आलं आणि डोळ्यांखालची रेघ न् रेघ दिसू लागली. अगदी तसाच उजेड देणारा एक दिवा मी संगणकावर, शोरीलमधल्या आईसमोर लावला. सरांनी ते दोनदा पाहिलं, "दिसते आता" एवढंच म्हणाले आणि पास केलं. आजही मी काम करते त्या स्टुडिओत एखाद्या सावळ्या पात्राबद्दल "हिला जरा उजळ करा" असा निरोप येतो, तेव्हा मी दिवा सरकवते. रंगाला हात लावू देत नाही.